सासऱ्यांसाठी सायलेन्सर

आमच्या घरात कोणतंही काम सुरू होण्याआधी मी यादी करते. गणपतीच्या सामानाची, बँकेतल्या कामांची, फ्रीजमध्ये काय उरलंय त्याची. दादरच्या ज्या शाळेच्या ऑफिसात मी नोकरी करते, तिथे माझ्या टेबलाच्या काचेखालीही यादीच असते. त्यामुळे गाडीचा सायलेन्सर आपण घरीच, चाळीच्या आवारात बदलायचा असं नवऱ्याने जाहीर केलं तेव्हा मी वाद घातला नाही, कागद घेतला. जॅक, गाडी टेकवून ठेवायला दोन लोखंडी घोड्या, विटा, ताडपत्री, हातमोजे, गंज सोडवायचा स्प्रे, जुन्या साड्या. सगळ्यात शेवटी लिहिलं, 'बाबांची खुर्ची'. कारण हा सगळा खटाटोप बाबांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी होता.

गाडी म्हणजे रोडस्टर. दोन सीट, कापडी टप, आणि मागे जेमतेम एक बॅग मावेल एवढी डिकी. माझ्या नवऱ्याचं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. ताडदेवच्या एका इमारतीतले पारशी गृहस्थ परदेशी मुलाकडे कायमचे निघाले, तेव्हा जाताना त्यांनी ही गाडी लिफ्टवाल्यालाच विकली. लालबागच्या आमच्या चाळीत ती आली त्या दिवशी पोरांनी तिला नाव ठेवलं, साबणाची डबी. गाडीत सीट दोन आणि घरात माणसं तीन, म्हणून माझा नंबर कधी लागला नाही. रविवारी सकाळी नवरा बाबांना शेजारी बसवून वरळी सी-फेसला चक्कर मारून आणायचा आणि मी तेवढ्या वेळात मासे आणायचे. ही व्यवस्था मला मान्य होती.

बाबा ऐंशीच्या पुढे आहेत. गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. एका शेडमध्ये शेकडो साचे एकदम चालायचे आणि त्या खडखडाटात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यात त्यांचे कानही गेले. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं की वरच्या पट्टीतलं सगळं गेलंय, खालचं थोडं शिल्लक आहे. कानातलं मशीन घेतलं. ते शिट्टी वाजवतं म्हणून बाबांनी ते काढून औषधांच्या डब्यात ठेवलं. मी पाटी आणि खडू आणला. ती त्यांनी देव्हाऱ्याखाली सारली. डॉक्टर म्हणाले होते, खुणांनी बोला, साचेखात्यातली माणसं खुणांनीच बोलायची ना. मी हात हलवून विचारलं, जेवता का? बाबा अशा काही नजरेने बघायला लागले की मी हात खाली घेतला.

"मी मुको न्हय," ते म्हणाले. "हात खात्यात हालवायचे. घरात माणसां तोंडान बोलतत."

तो विषय तिथे संपला. मग आम्ही ओरडायला लागलो. माझा आवाज मुळात मोठा, त्यात शाळेची सवय. मान पुढे काढून, तोंड मोठं उघडून, एकेक शब्द फोडून मी बाबांशी बोलायचे. समोरच्या गॅलरीतल्या लोकांनाही आमच्याकडे आज भाजी काय आहे ते कळायचं.

तरी बाबा बोलायचे. भायखळ्याला त्यांचे एक जुने मित्र होते, तेही साचेखात्यातलेच आणि तेवढेच बहिरे. ते आले की गॅलरीत बसून दोघे एकमेकांवर ओरडायचे आणि एकमेकांचं काहीही न ऐकता खूष असायचे. ते मित्र गेले आणि बाबांचं बोलणं आटायला लागलं. उरला एक शब्द, 'बरां'. आमच्या मालवणीत ठीक, हो, चालेल, असू दे, सगळ्याला बरां. बाबा, चहा ठेवू? बरां. बाबा, तुमची बहीण आजारी आहे. बरां. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "बाबा, चाळीला आग लागलीय."

"बरां," बाबा म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले.

नवरा त्या दिवशी हसला नाही. रात्री भांडी आवरताना म्हणाला, "असंच चाललं तर ते एक दिवस आपल्यात असून नसल्यासारखे होतील." मीही तेच बघत होते. त्यावर काय यादी करायची ते मला सुचत नव्हतं.

मग त्याला सायलेन्सर सुचला. झालं असं की रविवारच्या चकरेत सिग्नलला गाडी उभी असताना बाबांनी त्याला विचारलं, "गाडी बंद पडली काय?" इंजिन चालू होतं. म्हणजे आता गाडीचा आवाजसुद्धा त्यांना जाणवत नव्हता. नवऱ्याचं म्हणणं, खालच्या पट्टीतलं शिल्लक आहे तर तेच द्यायचं. विसर्जनाचे ढोल त्यांना छातीत लागतात, मान हलते, हे त्याने पाहिलं होतं. आणि अशा गाड्यांना स्पोर्ट्स सायलेन्सर मिळतात, घुमणाऱ्या आवाजाचे.

"तो आवाज कायद्यात बसतो का?" मी विचारलं.

"आत एक नळी असते. ती घातली की आवाज बसतो. काढली की नाही बसत. रस्त्यावर नळी घालून जायचं."

"आणि आवारात?"

"आवारात पाच मिनिटं. अगं, दहीहंडीला काय लावतात इथे, तेव्हा कोण कायदा विचारतं?"

सायलेन्सर कुरियरने आला. खोक्यातून काढला तर नव्या कळशीसारखा चकचकीत. बाबांना दाखवला. त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, बरां.

शनिवारी सकाळी आवारातल्या स्कूटर हलवून गाडीची मागची बाजू जॅकवर चढवली. फरशी उंचसखल, म्हणून घोड्यांखाली फळ्या. बाबांची खुर्ची जिन्याजवळच्या सावलीत. नवरा ताडपत्रीवर पाठ टेकून गाडीखाली सरकला आणि त्याचे फक्त पाय बाहेर राहिले. मी बॅटरी धरून उकिडवी बसले. गॅलऱ्या भरायला वेळ लागला नाही.

"ओ लिफ्टवाले, गाडी वर न्यायचीय की खाली?"

"वहिनी, पाय ओळखीचे आहेत ना? नाहीतर भलत्याच माणसाला पाना द्याल."

काम कागदावर सोपं होतं. जुना सायलेन्सर पुढच्या पाईपला जिथे जुळतो तिथे दोन नट, आणि बाकी तो तीन जाड रबरी कड्यांमध्ये नुसता लटकलेला. दोन नट काढा, तीन रबरं काढा, झालं. पण ताडदेव काय नि लालबाग काय, समुद्राची हवा सगळीकडे तीच. नट आणि बोल्ट यांचं एक झालं होतं. स्प्रे मारला, थांबलो. पुन्हा मारला, चहा घेतला. नवऱ्याने पान्याला लांब पाईप लावून जोर केला तर नट फिरायच्या ऐवजी त्याचे कोपरेच उडाले आणि तो लाडवासारखा गोल झाला. पाना त्यावर नुसता घसरायला लागला. गाडीखालून मला फक्त श्वास ऐकू येत होता. माझ्या यादीत या पायरीपुढे 'नट काढणे' एवढंच लिहिलं होतं. निघाला नाही तर काय, याला जागाच नव्हती.

शेवटी करवतीच्या पात्याने बोल्ट कापले. पडून, वर हात करून, गंजाचा चुरा डोळ्यांत घेत. मग रबरं. ती इतकी आवळलेली की नवरा ओढायचा आणि अख्खी गाडी घोड्यांवर डुलायची. मी भांड्यांचा साबण आणला, काही नाही. खोबरेल आणलं. खोबरेलाने तिन्ही रबरं एकापाठोपाठ सुटली आणि सायलेन्सर सरळ नवऱ्याच्या छातीवर आला. लागलं नाही फार. पण तो त्याला धरून तसाच पडून राहिला, लहान मूल कुशीत घेतल्यासारखा.

"उचल ना," खालून आवाज आला.

"कसा उचलू? माझा हात पोचत नाही."

"मग निदान विचार तरी करू नकोस. पाय ओढ माझे."

मी पाय ओढले. वरून टाळ्या.

नवा सायलेन्सर लावायला घेतला तेव्हा खरा घोळ कळला. त्याच्या लटकवायच्या कड्या आमच्या गाडीच्या कड्यांसमोर येईनात. बोटभर मागे. गाडी तीच, पण मधल्या एका वर्षात कंपनीने जागा बदलली होती. 'मॉडेलचं वर्ष तपासणे' हे यादीत होतं आणि पुढे नवऱ्याने बरोबरची खूणही केली होती. मी ती खूण त्याला दाखवली. तो म्हणाला, "खूण मी केली, वर्ष त्यांनी बदललं." मग लांब रबरं, कापलेल्यांच्या जागी नवे नट-बोल्ट आणि नवं पॅकिंग आणायला तो ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या गल्लीकडे निघाला आणि मी गाडीजवळ राहिले.

ती दुपार मला नीट आठवते, कारण तेव्हा मला करण्यासारखं काहीच नव्हतं. गाडी हवेत. ती खाली घ्यावी तर सायलेन्सर अर्धा लटकलेला. पाण्याचा टँकर आत यायचा होता, तो फाटकाशी हॉर्न देत होता. चाळीचे सेक्रेटरी खाली आले. मोठे मिशीवाले गृहस्थ, शिस्तीचे, आणि माझ्यासारखेच याद्या करणारे, त्यामुळे आमचं एरवी चांगलं जमतं.

"वहिनी, हे गॅरेज नाहीये."

"माहीत आहे हो. संध्याकाळपर्यंत होईल."

"माझ्या मुलीचं बाळ आलंय घरी, ठोकाठोकीने सारखं दचकतंय."

"सॉरी हो. आता ठोकायचं काही नाही उरलेलं."

ते गेल्यावर मी बाबांकडे वळले. ऊन सरकून त्यांच्या पायांवर आलं होतं. "बाबा! खुर्ची! मागे! घेऊ का?" मी ओरडले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, पटकन मान हलवली. "बरां." मी खुर्ची सरकवायला गेले तर ते उठून उभे राहिले आणि घरी जायला निघाले. मी पुन्हा ओरडले, "जायचं नाही हो! खुर्ची! खुर्ची फक्त!" ते पुन्हा बसले, त्याच उन्हात. "बरां, बरां." मी टँकरवाल्याकडे गेले. तो तरी ऐकून घेत होता.

रबरं आली, पॅकिंग आलं, आणि उजेड जायच्या आत सायलेन्सर एकदाचा बसला. थोडा डावीकडे झुकलेला, पण बसला. गाडी खाली घेतली. चालू करून बघायचं काम सकाळवर ठेवलं. बाळ, टँकर, सेक्रेटरी, सगळ्यांचा विचार करून मीच तसं ठरवलं.

रविवारी नाश्ता झाल्यावर बाबांना खाली आणलं. खुर्ची गाडीच्या मागच्या अंगाला, अगदी जवळ. नवऱ्याने आतली नळी घालूनच गाडी सुरू केली. चांगला आवाज होता. पहिल्यापेक्षा भरदार, पण सभ्य. गॅलरीतून कोणीतरी म्हणालं, "एवढ्यासाठी दिवस घालवला?"

नवरा खाली उतरून बाबांसमोर बसला. "बाबा, कसं वाटतंय?"

"बरां."

"ऐकू येतंय?"

"बरां."

त्याने बाबांचा तळवा उचलून डिकीवर ठेवला. बाबांनी तो तिथे ठेवला, कारण मुलाने ठेवला होता. नवऱ्याने काढेपर्यंत तो तसाच राहिला. इंजिन बंद झालं तेव्हाही त्यांच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. नवरा पायांवर बसून राहिला. हातांच्या नखांत अजून गंज होता. 

मग तो उठला, छोटी चावी घेतली आणि सायलेन्सरच्या तोंडातली नळी काढायला लागला.

"अहो, बाळ आहे वर."

"एकदाच," तो म्हणाला. "एकदा बघू दे मला."

आमची चाळ तीन बाजूंनी आहे आणि चौथ्या बाजूला गोदामाची उंच भिंत. म्हणजे आवार नाही, पिंपच. नळी काढून त्याने गाडी सुरू केली आणि ॲक्सिलरेटर दाबला, तेव्हा पहिल्यांदा मला आवाज आलाच नाही, पोटात धक्का बसला. मग आवाज आला. पत्र्याच्या शेडवर कोणीतरी दगडांची गाडी ओतावी आणि ती संपूच नये, तसा. नळाखालची बादली थरथरत पुढे सरकली. गॅलऱ्यांतून माणसं बाहेर आली. सगळ्यांची तोंडं उघडी, हात कानांवर. मी ओरडले, "बंद करा!" माझा आवाज मला स्वतःला ऐकू आला नाही. नवरा बाबांकडे बघत होता, पाय तसाच दाबून.

बाबा ताठ झाले होते.

त्यांना ऐकू आलं की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. त्यांनी गाडीकडे पाहिलंच नाही. त्यांनी वर पाहिलं, एका गॅलरीपासून दुसऱ्या गॅलरीपर्यंत. सगळी माणसं तोंड हलवतायत आणि कोणाचं कोणाला कळत नाहीये, हे त्यांनी पाहिलं. मग त्यांचा उजवा हात वर गेला आणि तर्जनी हवेत गोल फिरली, पुन्हा पुन्हा, नवऱ्याकडे बघून. चालू राहू दे.

जिन्यातून सेक्रेटरी उतरताना मला दिसले, बनियनवर, लाल झालेले. बाबांना ते माझ्याआधी दिसले होते. त्यांनी दोन बोटांनी ओठांवर मिशीला पीळ दिला आणि डोळ्यांनी जिन्याकडे दाखवलं. ही खूण चाळीत जुन्या घरांना माहीत आहे. मुकादम येतोय. अख्खी गॅलरी फुटली, हसताना सगळ्यांचे दात दिसत होते आणि आवाज एकाचाही नाही. नवरा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता, पण पाय त्याने काढला नाही. दसऱ्याला साच्यांच्या पूजेला लहानपणी तो गिरणीत जायचा, तेव्हाची ही खूण त्याला आठवली असणार.

आणि तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या आजींनी हातातलं तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवलं.

या आजी एकट्या राहतात. त्याही गिरणीतल्याच, कांडीखात्यात होत्या, सूत कांडीवर भरायचं काम. बाबांच्याच वयाच्या. इतकी वर्षं समोरासमोर राहून या दोघांचं बोलणं म्हणजे संक्रांतीला तिळगूळ. त्यांनी कठड्यावरून वाकून हाताने काहीतरी विचारलं. मनगटावर बोट, मग तळवा उताणा. बाबांनी उत्तर दिलं. आजींनी मान उडवली, असं कुठे असतंय, अशी. आणि मग दोघे सुटले. बोटं चिमटीत घेणं, झटकणं, कपाळावर मारणं, पाठीमागे अंगठा दाखवणं. बाबा खुर्चीतून उठले. ते कुणाची तरी नक्कल करत होते, पोट पुढे काढून. आजींनी पदर तोंडाला लावला. ते वाद घालत होते, हरत होते, पुन्हा सुरू करत होते. आम्हा कोणाला त्यातलं अक्षर समजत नव्हतं. आवारात आम्ही सगळे बहिरे होतो आणि ते दोघे बोलत होते.

शेवटी बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग बोटांची चोच करून ती उघडझाप उघडझाप केली, भुवया आक्रसल्या आणि हात पालथे केले. आजी माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले. मला वाटलं, कौतुक आहे.

सेक्रेटरींनी गाडीत हात घालून चावी फिरवली.

शांतता अशी आली की कान दुखले. वरून बाळाचं रडणं ऐकू आलं. सेक्रेटरी बोलायला लागले आणि ते सगळं खरं होतं. बाळ, हार्टचे पेशंट, पोलिसांत कोणी गेलं तर काय. "ती नळी आत घालून वेल्ड करून आणा. तोपर्यंत ही गाडी आवारात नको." नवरा हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता? आजी सूप उचलून आत गेल्या. बाबा खुर्चीत बसले होते, हात मांडीवर.

नवरा त्यांच्याजवळ धावत गेला. "बाबा! मजा आली ना?"

बाबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"बरां," ते म्हणाले.

नळी दुसऱ्याच दिवशी परळच्या वेल्डरकडून कायमची बसवून घेतली. गाडी आता सभ्य आवाजात येते-जाते. मी मात्र आजींच्या मागे लागले. बाबा काय बोलले, मला हवं होतं. आजी टाळत होत्या. "काय न्हाय गं, जुन्या गमजा. मुकादमाच्या." शेवटी एका दुपारी बांगड्यांचं कालवण घेऊन गेले, तेव्हा त्यांनी डबा ठेवून घेतला आणि मला बस म्हणाल्या.

"माझ्याकडे बोट दाखवून काय म्हणाले?"

"राहू दे की."

"सांगा ना, आजी. मला वाईट नाही वाटणार."

"म्हनला, पोराची बायको लई चिडती माझ्यावर. दिसभर तोंड चालू. काय चुकतंय माझं, कळत न्हाय. मी आपलं बरं म्हनतो, म्हंजी ती गप बसती."

मी डब्याच्या झाकणाकडे बघत राहिले. मग विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, सगळ्यांच्या सुना तशाच." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आगं, थट्टेत म्हनलं."

घरी येऊन दार लावलं आणि आरशासमोर उभी राहून मी बाबांशी बोलते त्या आवाजात म्हटलं, "बाबा! जेवायला! चला!" आरशात एक बाई दिसली. मान पुढे, डोळे वटारलेले, जबडा ताणलेला. आवाज काढून टाकला तर ती फक्त खेकसत होती. मी हसत हसत ओरडून बघितलं. ते जास्तच वाईट दिसलं. दात दाखवून कोणी शिव्या घालाव्यात तसं. हळू बोलले तर चेहरा बरा, पण मग ऐकू काय जाणार? मशीन नको, पाटी नको. मी कागद पुढे ओढला, वर 'बाबा' लिहिलं, आणि खाली एकही ओळ लिहिता आली नाही.

नवऱ्याला सांगितलं. तो खिडकीतून खाली गाडीकडे बघायला लागला. "नळी वेल्ड केली ना," म्हणाला. "नाहीतर पुन्हा चालू केली असती. तू तेवढ्यात सांगितलं असतंस त्यांना." मग आवाजाच्या जागा शोधायचा माझा उद्योग झाला. बाबांना लालबागच्या पुलाखाली घेऊन गेले, डंपर आणि बसच्या गडगडाटात. बाबांनी थोडा वेळ गाड्या बघितल्या आणि मला रस्ता ओलांडायला हात दिला. तिथे कोणाची तोंडं हलत नव्हती, मग आवाज आहे हे त्यांना दिसणार कशावरून?

पुन्हा आजींकडे गेले. म्हटलं, मला शिकवा. मी रागावलेली नाही, हे कसं सांगायचं?

त्यांनी खूप विचार केला. दोन्ही हात मांडीवर घेऊन बोटं हलवून बघितली, जणू त्या बोटांनाच विचारत होत्या.

"त्येला खुणेचा हात न्हवता गं खात्यात. राग आला तर पाळी सुटल्यावर भाईर बोलायचं." मग म्हणाल्या, "धागा जोडला, ह्येचा हात हाय. तुटलेला धागा जोडला, आता साचा चालू कर. त्यो कर. कळंल त्येला."

दोन्ही हातांच्या चिमटी समोरासमोर आणायच्या, एकमेकींवर हलका पीळ द्यायचा आणि हात अलगद लांब न्यायचे. साधी खूण आहे. पण आजींसारखी सफाई येईना. स्वयंपाकघरात, शाळेच्या ऑफिसात टेबलाखाली, मी ती करून बघत होते. शिपायाने विचारलं, मॅडम, सुई हरवली का?

परवा संध्याकाळी बाबा खिडकीपाशी बसले होते. नवरा अजून आला नव्हता. खाली आवारात साबणाची डबी उभी होती, मागचा सायलेन्सर डावीकडे झुकलेला. मी स्टूल घेऊन बाबांसमोर बसले, त्यांचं लक्ष वेधलं, आणि तोंड मिटून, चेहरा सैल ठेवून, चिमटी समोरासमोर आणल्या. पीळ दिला. हात लांब नेले. पुन्हा एकदा केलं.

बाबांनी माझे हात पाहिले. ओळखले, यात शंका नाही, त्यांच्या स्वतःच्या अंगठ्याची किंचित हालचाल झाली. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, खाली आवारात, जिन्याकडे, माझ्यामागे स्वयंपाकघराकडे. आणि माझी समजूत काढावी तसे म्हणाले,

"सगळां शांत आसा. हात कित्याक हालवतंस? तोंडान बोल."

मी हात खाली घेतले. पुलावरून बस गेली, कोणाकडे तरी कुकरची शिट्टी झाली, पोरं आवारात क्रिकेटवरून भांडत होती. बाबा माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते.

"बाबा," मी म्हटलं, "मी रागावलेली नाही." नेहमी नवऱ्याशी बोलते तेवढ्याच आवाजात. मान पुढे न काढता.

ते शब्द संपेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. मी गप्प झाले हे दिसल्यावर त्यांनी मान डोलावली.

"बरां," ते म्हणाले.